मांजराची जखम भरत का नाही, आणि ती भरून आणण्याचे नवे उपचार

बेळगावच्या वडगाव भागात आमच्या गल्लीतील एका विणकर कुटुंबाने सुताला उंदीर लागू नयेत म्हणून एक बोका पाळला आहे. घरातील मुलांनी हौसेने त्याच्या गळ्यात घुंगराची दोरी बांधली होती. एकदा तो दोन दिवस घरी आला नाही, आणि आला तेव्हा त्याचा पुढचा डावा पाय त्या दोरीतून आरपार गेलेला होता व दोरी काखेत मांसापर्यंत रुतलेली होती. डॉक्टरांनी दोरी कापली, जखम धुतली आणि टाके घातले. दहाव्या दिवशी टाके काढले तेव्हा कातडी स्वच्छ जुळलेली दिसत होती. पण त्यानंतर चौथ्या दिवशी बोक्याने मागावरून खाली उडी मारली आणि काख होती तशी पुन्हा उघडली. पुन्हा टाके घातले, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झाले. घरातील आजींना वाटले की टाकेच कच्चे घातले, डॉक्टरांना वाटले की घरच्यांनी बोक्याला कोंडून ठेवले नाही. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असल्याने दोघांनीही मलाच विचारले. त्या निमित्ताने मी जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहे, कारण ही अडचण त्या एका बोक्याची नाही. मांजराच्या शरीराच्या घडणीतच तिचे मूळ आहे.

मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, असे आपण नकळत धरून चालतो आणि कुत्र्याच्या जखमेचा अनुभव मांजराला लावतो. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रे व मांजरे यांच्या सारख्याच मापाच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि २००४ साली ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. उघड्या जखमेचा तळ लाल, दाणेदार मांसांकुरांनी पूर्ण झाकला जाण्यास कुत्र्यांमध्ये सरासरी साडेसात दिवस लागले, तर मांजरांमध्ये १९ दिवस. टाके घालून बंद केलेल्या जखमा सातव्या दिवशी ताणून पाहिल्या, तेव्हा मांजराच्या जखमेची ताकद कुत्र्याच्या जखमेच्या जेमतेम निम्मी निघाली. म्हणजे त्या सातव्या दिवशी मांजराची जखम कुत्र्याच्या मानाने आतून अर्धीच जुळलेली असते.

याचे मुख्य कारण रक्तपुरवठ्यात आहे. कातडीच्या खालच्या मऊ थरात ज्या रक्तवाहिन्यांचे जाळे असते, ते कुत्र्यामध्ये दाट आणि मांजरामध्ये विरळ असते. खानापूर तालुक्यातील जंगलाकडच्या वाड्या ज्यांनी पावसाळ्यात पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल: जिथे चार वाटा आहेत तिथे एक वाट वाहून गेली तरी विटा, वाळू आणि गवंडी पोचतात, जिथे एकच वाट आहे, तिथे ती तुटली की काम थांबते. जखम भरून काढणाऱ्या पेशी, प्राणवायू आणि पोषण हे सारे रक्तातूनच येते. त्यामुळे कातडीखालचा चरबीचा थर शस्त्रक्रियेत सढळ हाताने काढून टाकला, तर मांजराच्या जखमेला कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक उशीर होतो, हेही त्याच संशोधकांनी दाखवले. कुत्र्याच्या उघड्या जखमेत मांसांकुर तळभर लवकर पसरतात, मांजरामध्ये ते कडेकडेने येतात आणि मधला भाग बराच काळ फिकट राहतो.

आपल्या बोक्याच्या बाबतीत जे घडले, त्याला पशुवैद्यकात जखमेचे खोटे भरणे असे म्हटले जाते. कातडीच्या कडा वरून जुळतात, पण खाली कोलॅजेनची, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या तंतूंची, वीण अजून पडलेली नसते. विणकरांच्या घरी मी हे एका वाक्यात सांगितले आणि त्यांना ते ताबडतोब पटले: विरळ विणीच्या कापडाला खळ दिली की ते हाताला घट्ट लागते, आणि पहिल्या धुण्यात त्याची खरी वीण दिसते. काख आणि जांघ या जागांवर हे सर्वाधिक घडते, कारण तिथली कातडी प्रत्येक पावलागणिक ताणली जाते आणि एकमेकींवर घासते.

तरीही, जखम भरत नाही म्हणून थेट नव्या उपचारांकडे धावणे मला चुकीचे वाटते. आधी ती का भरत नाही याचा शोध घ्यावा लागतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग मी यालाच मानतो. बोक्यांच्या भांडणात दाताची टोचलेली जखम सुईच्या छिद्राएवढी असते. ती वरून मिटते आणि पाश्चरेला नावाचे, मांजराच्या तोंडात नेहमी असणारे जंतू आत कोंडले जाऊन दोन-चार दिवसांत गळू होते. हे गळू फोडून, धुऊन, योग्य प्रतिजैविक दिले की बहुतेक वेळा बरे होते. मात्र पोटाच्या खालच्या भागातील किंवा जांघेतील चरबीत मातीतले क्षयकुळातील जंतू शिरले, तर महिनोन्‌महिने बारीक छिद्रांतून स्राव येत राहतो, साधी औषधे लागू पडत नाहीत, आणि योग्य औषध सापडल्यावरही उपचार कित्येक महिने चालवावा लागतो. स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशीही अशीच चिवट जखम करते आणि ती मांजराच्या ओरखड्यातून माणसालाही होते, म्हणून चिघळलेल्या जखमेला हात लावताना हातमोजे घालावेत. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर खपली धरते, पडते आणि पुन्हा धरते, तेव्हा ती जखम नसून उन्हामुळे झालेला कातडीचा कर्करोग असू शकतो. कौलांवर दिवसभर ऊन खात पडणाऱ्या पांढऱ्या मांजरांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून दोन-तीन आठवड्यांत पुढे न सरकणाऱ्या जखमेचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवणे, जंतूंची चाचणी करणे, आणि रक्तातून मधुमेह तसेच मांजरांना होणारे रक्ताच्या कर्करोगाचे व प्रतिकारशक्ती खच्ची करणारे असे दोन विषाणू तपासणे, ही पायरी टाळता येत नाही. पुढे ज्या उपचारांबद्दल लिहिणार आहे, ते पेशींना वाढीचा निरोप देणारे आहेत. जखमेत कर्करोग लपलेला असेल, तर तो निरोप त्यालाही मिळतो. त्याचप्रमाणे खाज थांबावी म्हणून आधी कोणी लांब काळ टिकणारे स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले असेल, तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगावे, कारण स्टेरॉईड जखम भरण्याचा वेग कमी करते.

घरगुती उपायांबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. आपल्या भागात घरोघरी म्हैस किंवा बैल असतो, आणि पावसाळ्यात जनावराच्या जखमेत किडे पडले की फिनेल किंवा टर्पेंटाइनचा बोळा घालण्याची जुनी रीत आहे. मांजराच्या यकृतात फिनॉलच्या जातीची रसायने निष्प्रभ करणारी यंत्रणा फार दुबळी असते, आणि मांजर अंगावर लागलेली प्रत्येक गोष्ट चाटते. त्यामुळे म्हशीने सहज सोसलेले फिनेल मांजराच्या जिवावर उठते. डेटॉलही याच कारणाने मांजराला लावू नये. ताप उतरावा म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि गुरांवरील गोचिडांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनचे औषधही तितकेच घातक आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ होत असल्याचे समाधान मिळते, पण नव्याने आलेल्या कोवळ्या पेशी त्या फेसातच मरतात. हळद-चुन्याचा लेप जखमेवर कडक कवच धरतो आणि पू आतच राहतो. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात ९ ग्रॅम मीठ घालावे आणि त्या पाण्याने जखम धुवावी. दवाखान्यात पोचेपर्यंत एवढेच पुरेसे आणि निर्धोक आहे.

आहाराचा मुद्दाही इथेच येतो. शाकाहारी घरांतून मांजराला दूधभात किंवा दूधभाकरी घातली जाते, आणि उंदीर मिळत असतील तोवर त्याचे निभावतेही. जखमी मांजर कोंडले की उंदीर बंद होतात आणि ताटलीत फक्त दूधभात उरतो. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या कोरड्या आहारात निदान २६ टक्के प्रथिने असावीत असे अमेरिकेतील पशुआहाराचे मानक सांगते, तर कुत्र्यासाठी तेच प्रमाण १८ टक्के आहे. कोलॅजेन हेच मुळी प्रथिन असल्यामुळे, प्रथिनांवाचून जखम भरण्याची अपेक्षा करणे म्हणजे सुताशिवाय माग चालवणे होय. घरात मांस शिजत नसेल तर उकडलेले अंडे किंवा बाजारात मिळणारा मांजरांचा तयार आहार द्यावा. जखमी मांजर दोन दिवस काहीच खात नसेल, तर जखमेपेक्षा त्याच्या यकृताची चिंता आधी करावी, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागते.

आता मूळ विषय. डॉक्टर ज्याला रिजनरेटिव्ह उपचार म्हणतात, त्यात बाहेरून औषध देऊन जंतू मारणे हा हेतू नसतो. शरीराची स्वतःची दुरुस्ती जिथे अडली आहे, तिथे तिला लागणारा निरोप, कामकरी पेशी किंवा उभे राहण्यासाठी लागणारा आधार पुरवणे, हा हेतू असतो. मांजरामध्ये नेमकी याच पुरवठ्याची उणीव असते, म्हणून या उपचारांची कल्पना मांजराला विशेष लागू पडते.

यांतील सर्वांत साधा आणि आपल्याकडे शक्य असलेला उपचार म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा (प्लेटलेट दाट असलेला रक्तातील पातळ भाग), म्हणजेच पीआरपी. रक्तातील प्लेटलेट हे केवळ रक्त गोठवणारे कण नाहीत. त्यांच्या आत बारीक पुड्या असतात, आणि त्यांत नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी जागेवर याव्यात, कडेची कातडी पुढे सरकावी, असे निरोप देणारी प्रथिने भरलेली असतात. मांजराचेच थोडे रक्त काढून, ते गोठू नये म्हणून सायट्रेटचे द्रावण मिसळून, यंत्रात आधी हलक्या वेगाने फिरवतात. लाल पेशी खाली बसतात. वरचा पिवळसर भाग पुन्हा जोराने फिरवला की प्लेटलेट तळाशी दाट गोळा होतात. त्या दाट भागात कॅल्शियम मिसळले की त्याचा जेलीसारखा गोळा बनतो आणि पुड्या फुटतात. त्यांतला बहुतेक ऐवज तासाभरात बाहेर पडतो, म्हणून तो गोळा तयार होताच जखमेत ठेवावा लागतो. काही डॉक्टर द्रवरूप पीआरपी जखमेच्या कडांमध्ये सुईने सोडतात.

ऐकायला हे सोपे वाटते, पण मांजराच्या बाबतीत दोन अडचणी येतात. चार किलो वजनाच्या मांजराच्या अंगात एकूण रक्त सुमारे पाव लिटरच असते, त्यामुळे कुत्र्याकडून किंवा घोड्याकडून घेता येते तेवढे रक्त घेता येत नाही. काही मिलिलिटरांतच काम भागवावे लागते, आणि मानेच्या शिरेतून शांतपणे रक्त काढण्यासाठी अनेकदा गुंगी द्यावी लागते. दुसरी अडचण अशी की मांजराच्या प्लेटलेट फार चटकन एकमेकींना चिकटतात. सुई हळू भरली किंवा मांजर धडपडले तर त्या नळीतच चिकटून रिकाम्या होतात, आणि जखमेपर्यंत पोचतो तो नुसता प्लाझ्मा. म्हणून पीआरपी कामाला आले की नाही, हे यंत्राइतकेच रक्त काढणाऱ्या हातावर अवलंबून असते. दुसऱ्या मांजराचे रक्त वापरायचे ठरले तर रक्तगट पाहावाच लागतो: मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे गट असतात, आणि बी गटाच्या मांजराच्या रक्तात, आधी कधी रक्त चढवलेले नसतानाही, ए गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे असतात.

मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, बोलबाला अधिक आहे. या पेशी बहुधा पोटाच्या चरबीच्या लहान तुकड्यातून वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवतात. त्या जखमेत जाऊन स्वतःच नवी कातडी बनतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. तोवर त्या जो रासायनिक निरोप सोडतात, त्यामुळे चिघळता दाह शमतो आणि रक्तवाहिन्या फुटू लागतात. खरे काम तेवढेच असते. मांजरांतील सर्वांत ठोस काम कातडीच्या नव्हे, तोंडाच्या जखमांवर झाले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय विभागात, दात काढूनही बऱ्या न होणाऱ्या तोंडाच्या तीव्र दाहाने त्रस्त असलेल्या सात मांजरांना त्यांच्याच चरबीतील मूळपेशी शिरेवाटे दिल्या. त्यांपैकी पाच मांजरांना गुण आला, आणि त्यांतली तीन पूर्ण बरी झाली. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सात ही संख्या लहान आहे, हे खरे. पण ज्या मांजरांवर दुसरा कोणताच उपाय उरला नव्हता, त्यांच्यातील हे यश आहे. याच शास्त्रज्ञांना असेही आढळले की अनेक मांजरांच्या अंगात निरुपद्रवीपणे वसणारा फोमी नावाचा विषाणू प्रयोगशाळेत या पेशींची वाढ खुंटवतो. त्यामुळे प्रत्येक मांजराच्या चरबीतून हव्या तेवढ्या पेशी मिळतीलच, असे नसते.

कातडीच्या उघड्या, मोठ्या जखमेवर मूळपेशी वापरल्याचे मांजरांमधील पुरावे थोडे आहेत. बरेचसे ज्ञान कुत्रे, घोडे आणि माणसे यांच्यावरून घेतलेले आहे. म्हणून कोणी छापील पत्रक दाखवून खात्रीचा गुण सांगत असेल, तर त्यावर भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीआरपीचे पुरावेही मांजरांमध्ये भक्कम नाहीत. मात्र ते मांजराच्या स्वतःच्याच रक्तातून बनते, अपाय क्वचित होतो आणि खर्च आवाक्यात राहतो, म्हणून ते करून पाहण्यात फारसा तोटा नाही.

आधार पुरवण्याचे उपचार तिसऱ्या प्रकारचे. डुकराच्या लहान आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीतून सर्व पेशी धुऊन काढल्या की मागे कोलॅजेनची जाळी उरते. ती जखमेत ठेवली की मांजराच्या पेशी तिच्यावर चढतात आणि जाळी हळूहळू विरघळते. माशाच्या कातडीचाही असाच उपयोग होतो. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात लागलेल्या मोठ्या वणव्यात पंजे भाजलेली दोन अस्वले आणि प्यूमा या मोठ्या रानमांजराचे एक पिल्लू यांच्या पंजांवर तिलापिया माशाची निर्जंतुक कातडी बांधण्यात आली, आणि अस्वले पुढे जंगलात सोडण्याइतकी बरी झाली, तर बरे झालेले पिल्लू माणसांच्या देखभालीत ठेवण्यात आले. मात्र कोळणीकडून आणलेल्या माशाची कातडी हा त्याला पर्याय नव्हे. निर्जंतुक न केलेली कातडी जखमेत केवळ सडते.

मला या साऱ्यांत सर्वांत विलक्षण वाटते ती वपा. पोटात आतड्यांवर पसरलेला चरबीचा हा पदर रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या यांनी गच्च भरलेला असतो, आणि जिथे दाह असेल तिथे तो आपण होऊन चिकटतो. काखेतील न भरणाऱ्या जखमेसाठी शल्यचिकित्सक या वपेचा एक लांब पदर, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, कातडीखालच्या बोगद्यातून काखेपर्यंत आणतात. १९९८ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांनी दहा मांजरांवरील अशा शस्त्रक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्या बहुतेक मांजरांच्या काखा आमच्या बोक्यासारख्याच गळपट्ट्यात पाय अडकून फाटलेल्या होत्या. रक्ताची वाट नसेल तर शरीराच्या दुसऱ्या भागातून वाटच आणून जोडायची, हा विचार या उपचारात अगदी अक्षरशः उतरलेला आहे.

मध जखमेवर चालतो, कारण तो पाणी शोषून घेतो, आम्लधर्मी असतो आणि त्यातील एन्झाइममुळे हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी मंद गतीने सुटत राहते. पण जांबोटीकडून आणलेल्या रानमधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. किरणोत्साराने निर्जंतुक केलेला वैद्यकीय मधच वापरावा, आणि लाल मांसांकुर भरून आले की तो थांबवावा. जखमेवर हवाबंद पट्टी बसवून पंपाने सतत ओढ देण्याची पद्धतही मांजरांमध्ये उपयोगी ठरली आहे. लेसरच्या सौम्य किरणांचा प्रचार मात्र त्याच्या पुराव्यांपेक्षा बराच पुढे गेला आहे.

आपल्या तालुक्याच्या ठिकाणी ‘पशु आस्पत्रे’ अशी कन्नड पाटी असलेला सरकारी दवाखाना असतो, ज्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो. तिथे जखम धुणे, गळू फोडणे आणि टाके घालणे ही कामे होतात. तुकड्याची तपासणी किंवा वपेची शस्त्रक्रिया यांसाठी मात्र बंगळूरच्या हेब्बाळ येथील किंवा महामार्गावरच्या शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करावी लागते. डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मात्र गावातही विचारता येतात: जखम का भरत नाही याचे निदान झाले आहे का, पीआरपी कोणाच्या रक्तातून करणार, आणि टाके किती दिवस ठेवणार.

आमच्या बोक्याच्या तिसऱ्या खेपेला तुकडा तपासणीला गेला. त्यात ना क्षयकुळातील जंतू निघाले, ना कर्करोग. डॉक्टरांनी जखमेच्या जुन्या, कडक झालेल्या कडा कापून काढल्या, तळाशी त्याच्याच रक्ताचा पीआरपीचा गोळा ठेवला आणि छातीच्या बाजूची सैल कातडी, तिच्या रक्तवाहिनीसह, वळवून काखेवर आणली. टाके तीन आठवडे ठेवले, आणि त्यानंतर आणखी पंधरा दिवस बोका मागाच्या खोलीत न राहता मोठ्या पिंजऱ्यात राहिला. आजींनी सोवळे बाजूला ठेवून त्याला रोज एक उकडलेले अंडे भरवले. कातडी वळवण्याने किती काम केले आणि पीआरपीने किती, हे एका बोक्यावरून ठरत नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. आता सात महिने झाले, तो मागावरून उड्या मारतो आणि काख मिटलेली आहे. घुंगराची ती दोरी नातवाने मागच्या दाराच्या कडीला बांधली आहे. बोक्याच्या गळ्यात काहीच नाही.